मागच्या इंजिनातला मेस्त्री

त्या दिवाळीवरचा माझा राग अजून उतरलेला नाही. इतकी वर्षं झाली, राग काढायला आता घरात तसला रेडिओही राहिला नाही, पण कुठे "दिवाळी विशेष" एवढे शब्द कानावर पडले की माझं डोकं फिरतं. घरातली पोरं हसतात. हसू देत. त्यांना मेस्त्री कुठं माहीत आहे.

रेडिओवर दर रविवारी सकाळी अंतराळातल्या प्रवासाची एक श्रुतिका लागायची. तिचं नाव चांगलं लांबलचक, संस्कृत होतं, पण कर्जतच्या आमच्या रेल्वे क्वार्टरांत तिला त्या नावानं कोणी ओळखत नव्हतं. आम्ही म्हणायचो "यान". यान लागलं का गं, आज यानात काय झालं, एवढंच. माणूस चंद्रावर जाऊन आला त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांत ती सुरू झाली. मी फ्रॉक घालत होते तेव्हा यान पृथ्वीवरून निघालं, आणि मी साडी नेसायला लागले तरी ते कुठे पोचलं नव्हतं. एका लांबच्या ताऱ्याकडे निघालेलं, वाटेत नाना भानगडी, नाना ग्रह. कप्तान होता, एक डॉक्टरीणबाई होती, आणि मध्येमध्ये बडबडायला एक पोपट होता. पोपट एका ग्रहावर उडून गेला तेव्हा आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, बँकरवर ड्रायव्हर होते. बँकर म्हणजे काय हे कर्जतच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबते. प्रवाशांना वाटतं, बटाटेवड्यांसाठी थांबली. ती थांबते पुढे घाट आहे म्हणून. एकट्या पुढच्या इंजिनाला तो चढवत नाही, म्हणून गाडीच्या शेपटाला आणखी इंजिन लावतात, तोच बँकर. ते मागून ढकलत गाडी वर लोणावळ्याला पोचवतं. तिथं ते सोडतात. गाडी जाते पुण्याला, आणि मागचं इंजिन सुटं, एकटं, घाट उतरून परत कर्जतला. पुन्हा पुढची गाडी. दादांनी उभा जन्म हेच केलं. खालापूरकडच्या आमच्या गावात कोणी विचारलं, पुणं बघितलंस का रं, की ते म्हणायचे, रोज निघतो, पण अर्ध्यातनंच मागं फिरतो.

आता यानाचं सांगते. अगदी सुरुवातीच्या एका भागात यानाला सूर्याची ओढ तोडून बाहेर पडायचं असतं. ती ओढ मोठी जबर, यानाचं स्वतःचं इंजिन कमी पडतं. म्हणून मागे एक जादा इंजिन लावलेलं असतं आणि त्यात एकटा एक मेस्त्री बसलेला असतो. तो मागून ढकलतो, ढकलतो, यान थरथरतं, आणि एकदाची ती ओढ सुटते. मग कप्तान म्हणतो, "मागचं इंजिन सोडा." खट्ट असा आवाज होतो. आणि लांब जात जात त्या मेस्त्रीचा आवाज येतो, "पोचा सुखरूप." बस. मग संगीत सुरू.

त्या दिवशी दादा घरी होते. चहाची बशी तोंडाशी नेलेली तशीच राहिली. रेडिओत आपल्यासारखा माणूस बोलला, असं त्यांचं तोंड झालं होतं. मग म्हणाले, उत्तर का नाय दिलं कोणी? घाटात नियमच आहे तसा. पुढच्या इंजिनानं शिट्टी दिली की मागच्यानं शिट्टीनं जबाब द्यायचा, मागच्यानं दिली की पुढच्यानं. एकमेकांचं तोंड दिसत नाही, मध्ये अख्खी गाडी असते, तेव्हा शिट्टी हाच काय तो भरवसा. शिट्टीला शिट्टी दिली नाही तर दादांच्या लेखी तो ड्रायव्हरच नव्हे. कप्तानाबद्दल त्यांचं मत तेव्हाच जे वाईट झालं ते कायमचं.

पण मेस्त्री परत येणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. मागचं इंजिन वर सोडलं की ते खाली येतं, यात शंका घेण्यासारखं काय आहे? पुढच्या रविवारी मेस्त्रीचं नाव निघालं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. दादा म्हणाले, "सिग्नल नसंल मिळाला. सुट्या इंजनाला कोण इचारतो? समद्या गाड्या जाऊ देतात, मंग त्याला लाइन देतात." हे त्यांच्या रोजच्या अनुभवाचं बोलणं होतं. घाटात सुटं इंजिन कितीतरी वेळ ताटकळत उभं असायचं, आणि इकडे आई जेवण पुन्हा पुन्हा गरम करायची.

वर्षं गेली. यान कुठल्या कुठे गेलं, आणि मेस्त्री आपला सिग्नलला उभाच. क्वार्टरांत ती म्हणच पडली. कोणाचा जावई लेकीला न्यायला आला नाही, कोणाची बढती अडकली, की म्हणायचं, मेस्त्री सिग्नलला उभा आहे.

एकटा काका तेवढा मानायचा नाही. दादांचा धाकटा भाऊ, साजगावच्या एका कारखान्यात कामाला. रविवारी खोपोलीहून गाडीत बसून यान ऐकायला आमच्याकडे यायचा, कारण शेजारीपाजारी बसून ऐकण्यात मजा होती. त्यानं पेपरात वाचलं होतं की अग्निबाणाचं मागचं इंजिन सुटलं की जळून जातं, संपतं. हे तो दर दिवाळी-दसऱ्याला काढायचा. दादा शांतपणे विचारायचे, आत माणूस असताना? काका म्हणायचा, दादा, ती गोष्ट हाय. दादा म्हणायचे, गोष्ट हाय म्हणून तर. त्यावर काका वडा खायचा.

यात माझं काम होतं. दादांना रविवारची ड्युटी नेहमीच असायची, मग मी यान कान देऊन ऐकायचं आणि ते उतरून आले की सांगायचं. नुसतं सांगायचं नाही, आवाजांसकट. कप्तानाचा घोगरा, डॉक्टरीणबाईंचा नाकातला, पोपटाचा तर सगळ्यांत आधी. दादा पाय धुऊन ओट्यावर बसायचे आणि मी त्यांच्यापुढे अख्खं यान उडवायचे. जिथं रेडिओवाल्यांनी पाणी घातलेलं असायचं तिथं मी थोडं तिखट-मीठ लावायचे. दादांना कळायचं. ते म्हणायचे, हे रेडिओतलं नाय वाटत, बरं हाय पन. शेवटी मात्र एकच प्रश्न, ठरलेला. "मेस्त्रीचं काय म्हनले का गं?" आणि मी नाही म्हणायचे. बाकी वाटेल ते घुसडलं, पण मेस्त्री कधी घुसडला नाही. त्याची वाट दादा मनापासून बघत होते, तिथं खोटं बोलवत नव्हतं.

अशात एका वर्षी, पावसाळा सरता सरता, रेडिओवर घोषणा सुरू झाली. दिवाळीत यानाचा विशेष भाग, नेहमीच्या दुप्पट वेळाचा. "आपला एक जुना सवंगडी परत येत आहे. कोण, ते ओळखा."

ओळखायचं काय त्यात? पाणी भरायला गेलेली आई बातमी घेऊन आली की नळावर सगळ्यांचं एकमत आहे, मेस्त्रीला सिग्नल मिळाला. शेजारच्या गार्डीणबाई, म्हणजे गार्डसाहेबांच्या मंडळी, माझ्या आईला म्हणाल्या, तुमच्या ह्यांची तपश्चर्या फळली. काकाचाही आवाज जरा खाली आला.

आणि नेमकं त्याच दिवाळीनंतर, त्या महिन्याच्या अखेरीला दादा रिटायर होणार होते. त्याबद्दल ते काही बोलत नव्हते. काही विचारलं की म्हणायचे, होईल. पण त्या संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या ते मला म्हणाले, "मी उतरायच्या आदी तो उतरला पायजे, बाय. मंग मी मोकला." मी हसणार होते, पण त्यांच्याकडे बघून हसले नाही. एवढा मोठा माणूस, हात बघितले तर इंजिनाच्या दांड्यासारखे, आणि रेडिओतल्या एका माणसासाठी जीव टांगणीला लागलेला. मला त्यांची इतकी माया दाटून आली की मी उठून उगाचच घागर विसळायला गेले.

त्या दिवसासाठी दादांनी ड्युटी बदलून घेतली. कोणाच्या लग्नाला, बारशाला त्यांनी कधी बदलून मागितली नव्हती. माझ्या जन्माच्या वेळीही ते घाटात होते, हे आईनं त्यांना तेव्हा ऐकवलंच.

आमच्याकडे दिवाळी नव्हती. दीक्षा घेतली तेव्हापासून दादांनी ती बंद केली होती, घरात बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांची, बाकी काही नाही. पण गार्डीणबाईंचं फराळाचं ताट दर वर्षी यायचंच, आणि आई ते ताट कधी रिकामं परत पाठवायची नाही. त्या वर्षी मात्र आईनं सकाळी सकाळी घर सारखं केलं, कशेळ्याहून तिच्या माहेरून आलेल्या नव्या तांदळाच्या भाकरी थापल्या, वालाचं बिरडं केलं, आणि कोणी विचारायच्या आधीच म्हणाली, दिवाळी नाय ही, मेस्त्री यायचा हाय जेवायला. रेडिओला नवे सेल घातले. गार्डीणबाई, त्यांच्या सुना, काका, खालच्या क्वार्टरांतली मंडळी, सगळी आमच्या ओट्यावर. दादा इस्त्रीचा सदरा घालून रेडिओच्या अगदी जवळ बसले.

काय सांगू. सुरुवातच सनई-चौघड्यानं. मग यानात अभ्यंगस्नान. तेलाचे थेंब हवेत तरंगतात आणि कप्तान ते पकडायला धावतो, हा विनोद. मग चकल्या तरंगतात, हाही विनोद. मग डॉक्टरीणबाई गाणं म्हणतात. मग दुसरं गाणं. तारा कुठे, प्रवास कुठे, मागच्या रविवारी यानाला भोक पडलं होतं त्याचं काय झालं, कोणाला पत्ता नाही. काका हळूच म्हणाला, भोक चकलीनं बुजवलं वाटतं. गार्डीणबाईंची सून हसली, पण दादांनी हात वर केला. सगळे गप्प. आता येईल.

मग दारावर टकटक. अंतराळात दारावर टकटक. कप्तान म्हणतो, कोण बरं आलं असेल ऐन दिवाळीत? दादा पुढे झुकले. दार उघडल्याचा करकर आवाज झाला.

आणि पोपट बोलला.

पोपट. एवढी वर्षं थांबून पोपट आला.  आतून आईनं विचारलं, आला का गं, आणि तिला सांगायला कोणाची जीभ उचलेना. रेडिओत मात्र आनंदीआनंद. मग कप्तान म्हणाला, ज्यांनी ज्यांनी आपल्याला इथवर आणलं त्या प्रत्येकाच्या नावानं आज एकेक पणती लावू. दादांनी मान वर केली. कप्तानानं शास्त्रज्ञांची लावली, आईवडिलांची लावली, आचाऱ्याची लावली, पोपटाचीसुद्धा लावली. पुन्हा सनई. संपलं.

पुढे शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम सुरू झाला, भातावरच्या किडीबद्दल कोणी बोलायला लागलं. मी रेडिओ बंद करायला हात पुढे केला तर दादा म्हणाले, राहू दे, असंल अजून. किडीचं सगळं ऐकलं आम्ही. ते संपल्यावर दादांनी स्वतःच खटका फिरवला आणि म्हणाले, "इसरले त्याला."

एवढंच. चिडले नाहीत, काही नाही. चिडले असते तर बरं झालं असतं. मला तर त्या रेडिओवाल्यांना धरून बदडावंसं वाटत होतं. आणि सगळ्यात वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. दादा त्या दिवशी ड्युटीवर असते, तर या खेपेला मी मेस्त्रीला आणला असता. नियम गेला खड्ड्यात. ओट्यावर उभी राहून असा उतरवला असता की दादांनी जन्मभर लक्षात ठेवला असता. पण त्यांनी सुट्टी घेऊन आपल्या कानांनी ऐकलं होतं, आता मी काय करणार?

काका पैज जिंकल्यासारखा वागेल असं मला वाटलं होतं. कसलं काय. तोच सगळ्यांत जास्त भडकला. म्हणाला, लेकाचे, पोपटाला सिग्नल देतात आनी माणसाला नाय. दुपारी जेवताना त्यानं दादांना बिरडं वाढलं आणि म्हणाला, जळला नसंल तो, दादा. मी चुकीचं वाचलं असंल. दादा म्हणाले, जेव गप.

आम्ही सगळ्यांनी मिळून रेडिओला कार्ड टाकलं. मजकूर माझा, शिव्या काकाच्या, त्यातल्या निम्म्या गार्डीणबाईंनी खोडल्या. मग एका रविवारी श्रोत्यांच्या पत्रांत कर्जतचं नाव निघालं आणि आम्ही कान टवकारले. निवेदक गोड आवाजात म्हणाला, कर्जतचे श्रोते लिहितात की ते हा कार्यक्रम पहिल्या भागापासून ऐकत आहेत. धन्यवाद. आणि पुढचं पत्र. आमची पहिली ओळ तेवढी वाचली मेल्यांनी.

पण खरं काम केलं ते आईनं. ती यान कधी बसून ऐकायची नाही, तिला ते सगळं थोतांड वाटायचं. दादांचा शेवटचा दिवस जवळ आला तशी ती एका सकाळी चुलीपुढून म्हणाली, "रेडिओवाले इसरले तर इसरले. आपल्या मेस्त्रीला आपन आनाया जायाचं." आम्हाला कळेना. मग तिनं समजावलं. इतकी वर्षं नवरा गाड्या ढकलतोय, आणि त्यानं ढकललेल्या गाडीत ती एकदाही बसली नव्हती. पुण्याकडे तिचं कोणी नव्हतंच. शेवटच्या दिवशी दादा जी गाडी चढवणार तिच्यात आपण बसायचं, अगदी शेवटच्या डब्यात, असं तिनं ठरवूनच टाकलं.

दादांना काही सांगितलं नाही. कर्जतला गाडी थांबली, आई, काका आणि मी चढलो, मागे इंजिन लागल्याचा धक्का बसला, तशी आई म्हणाली, हे लागले. डब्यात सगळे मुंबईचे पुण्याला निघालेले, वडे खाण्यात गर्क.  आईच्यानं राहवेना. शेजारच्या बाईला म्हणाली, आपल्याला मागनं कोण ढकलतंय माहीत हाय का? बाई म्हणाली, नाही. झालं. घाट चढेपर्यंत आईनं अख्ख्या डब्याला बँकर समजावला. बोगद्यात सुद्धा थांबली नाही, अंधारात तिचा आवाज चालूच. आज यांचा शेवटचा दिवस, हेही सांगून टाकलं. पुढून शिट्टी आली की बोट वर करायची आणि म्हणायची, आता ऐका. आणि अगदी आमच्या पाठीशी दादांची शिट्टी वाजायची. दोन-तीनदा झाल्यावर लोक आपण होऊन ऐकायला लागले.

लोणावळ्याला आम्ही उतरलो आणि इंजिनापाशी जाऊन उभे राहिलो. दादांनी खिडकीतून आम्हाला बघितलं आणि घरी काही वाईट झालं असं वाटून त्यांचा चेहरा उतरला. काका ओरडून म्हणाला, काय नाय, सहज आलो. तोवर खट्ट झालं, इंजिन सुटलं, आणि गाडी हलली. दादांनी आयुष्यभर शेवटच्या डब्याची पाठ बघितली होती. त्या दिवशी मात्र डब्याच्या खिडक्यांतून, दारातून माणसं बाहेर झुकली होती आणि हात हलवत होती. वडे खाणारी ती बाई तर पदर उडेल इतका हात हलवत होती. पुढून लांबलचक शिट्टी आली. दादांनी जबाब दिला, तोही लांब. मग नुसतेच बघत राहिले.

आई त्यांना म्हणाली, या आता खाली. ते म्हणाले, सिग्नल मिळू दे.

आम्ही मिळेल त्या गाडीनं उतरलो आणि कर्जतच्या फलाटाच्या टोकाला जाऊन उभे राहिलो. क्वार्टरांतली सगळी मंडळी तिथं आलेली, गार्डीणबाई हार घेऊन. दादांचा पत्ता नाही. एक मेल गेली, एक मालगाडी गेली. ऊन कलायला लागलं. कोणीतरी विचारलं, एवढा वेळ का लागला? काका घाटाकडे बघत म्हणाला, सिग्नल नसंल मिळाला. 

मग घाटाच्या बाजूनं शिट्टी आली. ती दादांची, आईनं लगेच ओळखली. आणि कर्जतला उभ्या असलेल्या बँकरांनी जबाब दिला. आधी एकानं, मग दुसऱ्यानं, मग जेवढे उभे होते तेवढ्या सगळ्यांनी. मला हुंदका आवरेना. आई पदर सारखा करत पुढे झाली.

सुटं इंजिन हळूहळू येऊन उभं राहिलं. दादा आपली पत्र्याची पेटी घेऊन उतरले. सदऱ्याला काळे डाग, डोळे लाल झालेले. आईनं त्यांना वरून खाली नीट बघून घेतलं.

"लई उशीर केला, मेस्त्री," ती म्हणाली.

दादांनी पेटी खाली ठेवली. 

"लाइन मोकली नव्हती," ते म्हणाले.